कायद्याचे प्राध्यापक, संविधान आणि माइक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या कायद्याच्या प्राध्यापकांनी संविधानावर मराठीत पॉडकास्ट करावा, म्हणून आम्ही काही जण त्यांना रेकॉर्डिंग, संपादन आणि विषयांची जुळवाजुळव यात मदत करतो. प्राध्यापक, वकील, विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, सगळ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. कायद्याबद्दल इथे जे आहे ती सर्वसाधारण माहिती आहे, स्वतःच्या प्रकरणासाठी वकिलालाच विचारा.

१. आमच्याकडे सरांच्या व्याख्यानांची रेकॉर्डिंग्ज आहेत. तीच टाकली तर पॉडकास्ट होईल ना?

फाइल होईल, पॉडकास्ट होणार नाही. नाशिककरांना व्याख्यानाची सवय जुनी आहे. मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमालेला लोक सतरंजीवर बसून तासभर ऐकतात, कारण समोर वक्ता दिसतो, शेजारी ओळखीचा माणूस असतो आणि अंगावर वारा येत असतो. तेच भाषण बसमध्ये कानात घालून ऐकलं की दहाव्या मिनिटाला लक्ष खिडकीबाहेर जातं.

कानाला संवाद लागतो. दोन प्राध्यापक, ज्यांचं त्या विषयावर एकमत नाही, आणि तिसरा एक जण जो कायद्याचा नाही पण "थांबा, हे परत सांगा" म्हणायला लाजत नाही. हा तिसरा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. आम्ही तो शक्यतो पत्रकार, शाळेतला शिक्षक किंवा बँकेतला माणूस असा निवडतो. वकील नकोच, तो विरोधी पक्षकारासारखा उलटतपासणी घ्यायला लागतो.

२. दोघांचं एकमत असेल तर? मुद्दाम भांडायचं का?

मुद्दाम नको, ते लगेच कळतं. अशा वेळी निकालातलं अल्पमत उघडा. केशवानंद भारती खटला २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा असा सुटला. संसदेला संविधानाची मूलभूत संरचना बदलता येणार नाही, हे सगळ्यांना पाठ असतं, पण उरलेल्या सहा न्यायमूर्तींना तसं का वाटलं नाही, हे वर्गात फारसं कोणी सांगत नाही. एका प्राध्यापकाने त्या सहांची बाजू मनापासून मांडायची, दुसऱ्याने खोडायची. भाग उभा राहतो.

आणीबाणीतला १९७६ चा एडीएम जबलपूर खटलाही तसाच. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते का, हा त्यातला प्रश्न. चार विरुद्ध एक. तो एक म्हणजे न्या. एच. आर. खन्ना. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या, खासगीपणाच्या हक्कावरच्या, पुट्टस्वामी निकालात तो बहुमताचा निकाल मोडीत काढला आणि खन्नांचं मत बरोबर ठरवलं. अल्पमत वाचायची सवय लावायला याहून चांगलं उदाहरण नाही.

३. संविधानावर महिना-दोन महिने बोलून झालं की विषय संपतील, नाही का?

ही शंका सगळ्यात जास्त येते, आणि आम्हाला सगळ्यात जास्त आश्चर्य तिचंच वाटतं. विषय दिल्लीतून आणायला गेलात तर संपतील. जिल्ह्यातून घेतलेत तर पुरून उरतील.

काळाराम मंदिरापासूनच बघा. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो इथे चालवला. पुढे संविधानात अस्पृश्यता नष्ट करणारं कलम १७ आलं, आणि सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थानं सर्व वर्गांना खुली करण्याची मुभा राज्याला देणारं कलम २५(२)(ख) आलं. १९५६ मध्ये मंदिरप्रवेशाचा मुंबई राज्याचा कायदा झाला, आणि साठ वर्षांनी, २०१६ मध्ये, स्त्रियांच्या मंदिरप्रवेशाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयापुढे तोच कायदा पुन्हा आला. पंचवटीतून निघालेली ही एक रेघ नीट धरली तर चार भाग सहज होतात. येवल्याची १३ ऑक्टोबर १९३५ ची डॉ. आंबेडकरांची धर्मांतराची घोषणा आणि कलम २५ मधलं धर्मस्वातंत्र्य हा वेगळा भाग.

मग कांदा. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांदा निर्यातीवर बंदी घातली, ती ४ मे २०२४ ला उठली. लासलगावच्या शेतकऱ्याचा प्रश्न सरळ आहे: शेती राज्याच्या यादीत, बाजारही राज्याच्या यादीत, मग माझा कांदा दिल्ली कशी अडवते? उत्तर केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या सातव्या अनुसूचीत आहे. आयात-निर्यात हा संघसूचीतला विषय आहे, नोंद ४१, आणि अन्नपदार्थांचा व्यापार समवर्ती, म्हणजे दोघांच्या, सूचीत, नोंद ३३. त्याला कलम १९(१)(छ) मधलं व्यवसायाचं स्वातंत्र्य जोडा, वाजवी निर्बंध म्हणजे किती वाजवी ते विचारा. संघराज्य म्हणजे काय हे वर्गात तासभर शिकवून जेवढं कळत नाही तेवढं कांद्याने कळतं.

महापालिका घ्या. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक कारभार पाहत होता. कलम २४३-प म्हणतं की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मग एवढी वर्षं काय झालं? ओबीसी आरक्षण, त्यासाठी न्यायालयाने घातलेल्या तीन अटी म्हणजे तिहेरी चाचणी, प्रभागरचना, सर्वोच्च न्यायालय. रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल कोणाला जाब विचारायचा हा प्रश्न पडलेला प्रत्येक माणूस हा भाग ऐकेल.

आणखी: सुरगाणा, पेठ, कळवणमध्ये आदिवासी भागांसाठीची पाचवी अनुसूची आणि तिथल्या पंचायतींचा १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला नेमकं काय देतो. गंगापूर आणि दारणेचं पाणी जायकवाडीला सोडताना कलम २६२ का लागू होत नाही (ते आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांसाठी आहे, इथे दोन्ही बाजू एकाच राज्यातल्या). सिंहस्थावर सरकारी पैसा खर्च होतो तेव्हा कलम २७ (एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कर भरायची सक्ती नको) आड येतं का.

४. किती खर्च येतो? स्टुडिओ भाड्याने घ्यावा लागेल का?

स्टुडिओ नको. पैसे खर्च करायचेच असतील तर दोन चांगल्या डायनॅमिक माइकवर करा. कंडेन्सर माइक दिसायला झकास, पण तो शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा तितक्याच प्रेमाने टिपतो. सुरुवातीला दोन मोबाइल आणि दोन कॉलर माइक असले तरी चालतं, मात्र प्रत्येकाचा आवाज वेगळा नोंदवा, म्हणजे एकाच्या खोकल्यासाठी दुसऱ्याचं वाक्य कापावं लागत नाही.

खोली पुस्तकांची हवी. प्राध्यापकांच्या घरी तेवढी एक गोष्ट मुबलक असते. फरशी उघडी असेल तर सतरंजी, समोरच्या भिंतीवर गोधडी. पंखा बंद. एप्रिल-मेमध्ये दुपारी हे जमत नाही, म्हणून सकाळी सातला बसा. गणपतीच्या आधीचे दोन महिने संध्याकाळचं रेकॉर्डिंग विसरा, ढोलपथकांचा सराव सुरू असतो. आणि ओझरच्या बाजूला राहत असाल तर विमान गेल्यावर वाक्य पहिल्यापासून घ्या, मधूनच जोडलेलं कळतं.

५. तांत्रिक बाबी थोडक्यात सांगाल का?

मूळ रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झवर. संपादनाला ऑडॅसिटी पुरतं, ते मोफत आहे. आवाजाची पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आसपास आणा. शेवटची फाइल मोनो एमपीथ्री, ९६ केबीपीएस. चाळीस मिनिटांचा भाग सुमारे २९ एमबीचा होतो, गावाकडच्या नेटवर्कवरही उतरतो. मुखचित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. त्यावरची जोडाक्षरं मोबाइलवर नखाएवढ्या आकारात वाचता येतात का ते आधी बघा.

६. भाग कुठे टाकायचा? यूट्यूब पुरेल का?

होस्टिंग सेवेवर एकदा फाइल चढवली की तिथून आरएसएस फीड (भागांची आपोआप अद्ययावत होणारी यादी) तयार होते, आणि ती फीड स्पॉटिफाय, ॲपल वगैरेंना दिली की पुढचे भाग आपोआप पोचतात. मोफत होस्टिंगही मिळतं. यूट्यूबवर जरूर टाका, आपल्याकडे पुष्कळ लोक तिथेच ऐकतात.

व्हॉट्सॲपवर फाइल पाठवू नका, दुवा पाठवा. फाइल एकदा ग्रुपात गेली की ती तुमची राहत नाही. पुढे दुरुस्ती करायची वेळ आली (प्रश्न १७) तर जुनी चूक फिरतच राहते.

७. भाग किती मिनिटांचा, आणि महिन्याला किती?

पस्तीस-चाळीस मिनिटं, पंधरवड्याला एक. परीक्षा आणि पेपर तपासणीच्या हंगामात प्राध्यापक गायब होतात, ते गृहीत धरा. सुरू करण्याआधी तीन-चार भाग तयार हवेत. एकच भाग घेऊन उद्घाटन करायचं, नारळ फोडायचा आणि मग दोन महिने शांतता, असं करण्यापेक्षा उशिरा सुरू केलेलं बरं.

८. भाषा कुठली ठेवायची? कायदा तर इंग्रजीत शिकवला जातो.

मराठी, पण शासन निर्णयाची नव्हे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं काम कलम ३४८ मुळे इंग्रजीत चालतं, म्हणून प्राध्यापकांच्या तोंडी इंग्रजी संज्ञा बसलेल्या असतात. आमचा नियम एवढाच: संज्ञा कुठल्याही भाषेत वापरा, पण पहिल्यांदा आली की लगेच एका वाक्यात उदाहरण द्या. "रिट" म्हटलं की मोकळं होऊ नका. "तहसीलदार कायद्याने करायलाच हवं ते काम करत नाही, तर उच्च न्यायालयाकडून त्याला ते करायला लावायचं," असं सांगा.

आणि ज्या कलमावर बोलणार ते आधी वाचून दाखवा, पूर्ण, सावकाश. भारताच्या संविधानाचा मराठी पाठ छापील मिळतो आणि इंटरनेटवर मोफतही मिळतो. कलम न वाचता त्यावर अर्धा तास मत देणारे भाग आम्ही ऐकले आहेत. श्रोता ते ऐकतो, मान डोलावतो, आणि त्याच्या हाती काही लागत नाही.

९. तयारीसाठी मूळ साहित्य कुठून घ्यायचं?

निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर संकेतस्थळावर मोफत आहेत, काहींचे मराठी अनुवादही तिथे मिळतात. अनुवाद यंत्राच्या मदतीने होतात, म्हणून अवतरण देण्याआधी इंग्रजी मूळ ताडून पाहा.

त्याहून मोठा खजिना संविधान सभेच्या चर्चांचा. ९ डिसेंबर १९४६ ते २४ जानेवारी १९५०, अकरा अधिवेशनं, १६५ दिवसांचं कामकाज, सगळं उपलब्ध आहे. राष्ट्रपती राजवटीवर भाग करायचा असेल तर ऑगस्ट १९४९ ची चर्चा वाचा. ही कलमं वापरलीच जाणार नाहीत, कागदावरच राहतील, अशी आशा डॉ. आंबेडकरांनी तिथे व्यक्त केली होती. ती वाचून लगेच राष्ट्रपती राजवटीला मर्यादा घालणाऱ्या १९९४ च्या बोम्मई निकालावर या. मधल्या पंचेचाळीस वर्षांत त्या आशेचं काय झालं, तोच तुमचा भाग.

१०. सरकारकडे नोंदणी किंवा परवाना लागतो का?

पॉडकास्टला परवाना लागत नाही. कम्युनिटी रेडिओला लागतो, दोन्हींत गल्लत करू नका. चालू घडामोडींवर नियमित बोलणार असाल तर २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम डिजिटल प्रकाशकांसाठी आहेत हे लक्षात ठेवा. त्यातल्या नियम ९ च्या काही पोटनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. स्थगिती असो नसो, तक्रारीसाठी एक ईमेल पत्ता आणि जबाबदार माणसाचं नाव जाहीर ठेवावं.

११. मी अनुदानित लॉ कॉलेजात शिकवतो. प्राचार्यांची परवानगी हवी का?

लेखी घ्या. तोंडी "हो हो, करा की" याला पहिल्या तक्रारीच्या दिवशी काही किंमत उरत नाही. खासगी अनुदानित महाविद्यालयात विद्यापीठाचे आणि संस्थेचे सेवानियम बघावे लागतात. शासकीय महाविद्यालयात असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात, आणि सरकारी धोरणावरच्या जाहीर टीकेबाबत ते कडक आहेत. निकालाचं विवेचन आणि धोरणावर टीका यांतली सीमा धूसर असते, म्हणून पत्रात विषयाचं स्वरूप स्पष्ट लिहून द्या: "संविधान व न्यायनिर्णय यांवरील शैक्षणिक चर्चा".

प्रत्येक भागाच्या सुरुवातीला "मतं वैयक्तिक आहेत, संस्थेची नाहीत" हे वाक्य असू द्या. संस्थेचं नाव ओळखीपुरतं घ्यावं. बोधचिन्ह वापरायला वेगळी परवानगी लागते.

१२. वकिली करणारे लोक पाहुणे म्हणून चालतील का?

चालतील, पण जपून. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरात करता येत नाही. त्यामुळे ओळख करून देताना "नाशिकमधले नामांकित", "यांनी अमुक खटले जिंकले", ऑफिसचा पत्ता, फोन नंबर, यातलं काहीही नको. नाव आणि अभ्यासाचा विषय, बस. स्वतःच्या चालू खटल्यावर त्यांनी बोलू नये, हे आधीच ठरवा.

अर्धवेळ शिकवणाऱ्या वकिलांचा प्रश्नही येतो. वकिलांच्या अध्यापनाबाबतच्या १९७९ च्या नियमांनुसार (प्रश्न ११ मधले नव्हेत) वकिली करताना दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो, त्यामुळे असे लोक तुमच्याकडे दोन्ही टोप्या घालून येतात. माइकसमोर बसताना शिक्षकाची टोपी.

१३. न्यायालयाच्या निकालावर टीका केली तर अवमान होतो का?

ही भीती इतकी पसरली आहे की चांगले चांगले प्राध्यापक माइक सुरू झाला की मवाळ होतात. १९७१ चा न्यायालय अवमान कायदा मुळातून वाचा. कलम ५ स्पष्ट सांगतं की अंतिम निर्णय झालेल्या प्रकरणाच्या गुणवत्तेवर रास्त टीका हा अवमान नाही. कलम ४ कामकाजाच्या रास्त आणि अचूक वृत्तान्ताला संरक्षण देतं. २००६ च्या दुरुस्तीने कलम १३ मध्ये सत्य हा बचावही आला, मात्र तो सार्वजनिक हितासाठी आणि सद्भावनेने घेतलेला हवा.

"हा निकाल समानतेच्या कलम १४ चा चुकीचा अर्थ लावतो, आणि याआधीच्या पाच न्यायमूर्तींच्या निकालाशी विसंगत आहे," हे बिनदिक्कत म्हणा. "न्यायमूर्तींनी हा निकाल अमुक मिळावं म्हणून दिला," हे म्हणू नका. टीका निकालाच्या कारणांवर असावी, न्यायाधीशाच्या हेतूवर नको. ऑगस्ट २०२० मध्ये प्रशांत भूषण यांना दोन ट्वीटसाठी अवमानाचा दोषी ठरवून एक रुपया दंड झाला. रक्कम बघून हसू येतं, पण दोषी ठरवलं हे खरं आहे.

आमच्या अनुभवात अवमानाच्या भीतीपेक्षा ओळखीची भीड जास्त आडवी येते. न्यायाधीश कार्यक्रमाला भेटतात, विद्यार्थी उद्या त्यांच्यासमोर उभे राहणार असतात. त्यावर कुठल्याच कायद्यात उपाय नाही.

१४. प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर गप्पच बसायचं का?

नाही. "न्यायप्रविष्ट" हा शब्द आपल्याकडे न बोलण्याची सबब म्हणून फार वापरला जातो. प्रश्न एवढाच असतो की तुमच्या बोलण्याने न्यायदानात खरोखर अडथळा येतो का. घटनात्मक प्रश्न न्यायमूर्ती ऐकतात, पॉडकास्ट ऐकून त्यांचा निर्णय बदलेल असं कोणी म्हणणार नाही. मराठा आरक्षणाचंच उदाहरण घ्या. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ ला आधीचा कायदा रद्द केला, २०२४ मध्ये विधिमंडळाने नवा केला, त्यालाही आव्हान दिलं गेलं. पन्नास टक्क्यांची मर्यादा कुठून आली, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद काय, यावर बोलायला काहीच हरकत नाही.

फौजदारी खटल्यात मात्र हात आखडता घ्या. आरोपपत्र दाखल झालेल्या प्रकरणात आरोपी दोषी आहे की निर्दोष, साक्षीदार खरा की खोटा, यावर अवाक्षर नको. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख पटेल असं काहीही बोलणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. गावाचं नाव आणि नातं एवढ्यानेही ओळख पटते, हे विसरू नका. उच्च न्यायालयाच्या जुन्या निकालात नाव छापलेलं असलं तरी तुम्ही घेऊ नका.

१५. निकाल वाचून दाखवला किंवा सुनावणीची क्लिप लावली तर कॉपीराइटचा भंग होतो का?

या दोन गोष्टींची उत्तरं वेगळी आहेत.

निकाल वाचा, हवा तेवढा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(थ) नुसार, न्यायालयाने मनाई केलेली नसेल तर, निकाल प्रसिद्ध केल्याने भंग होत नाही. पण खासगी प्रकाशकांच्या रिपोर्टरमधला सारांश, तळटिपा, परिच्छेदांची मांडणी यांवर संपादकाचा हक्क असू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या डिसेंबर २००७ च्या निकालात सांगितलं आहे. म्हणून वाचन न्यायालयाच्या मूळ प्रतीवरून करा (प्रश्न ९).

सुनावणीची क्लिप नको. २०१८ च्या स्वप्नील त्रिपाठी निकालाने थेट प्रक्षेपणाची वाट मोकळी केली, घटनापीठांच्या सुनावण्या २७ सप्टेंबर २०२२ पासून दिसू लागल्या, पण त्या चित्रीकरणावरचा हक्क न्यायालयाने स्वतःकडे ठेवला आहे. काय घडलं ते स्वतःच्या शब्दांत सांगा. तसंही, अर्ध्या मिनिटाची क्लिप संदर्भ सोडून फिरते आणि दोष तुमच्यावर येतो.

१६. मुखचित्रावर अशोकस्तंभ आणि सुरुवातीला राष्ट्रगीताची धून ठेवली तर छान दिसेल ना?

नको. राजचिन्हाच्या वापरावर २००५ च्या कायद्याचे निर्बंध आहेत. नावातूनही सरकारी उपक्रम असल्याचा भास होऊ नये, त्यासाठी १९५० चा बोधचिन्हं आणि नावांचा कायदा आहे. राष्ट्रगीताला सिग्नेचर ट्यून करणं औचित्याला धरून नाही, आणि सिनेमाच्या गाण्याचा तुकडा लावलात तर संगीत कंपनी भाग खाली उतरवेल. शाळेतल्या मुलांनी उद्देशिका म्हटलेली वापरा. राज्यातल्या शाळांमध्ये ती म्हटली जाते, आवाज गोड असतो, फक्त पालकांची लेखी संमती घ्या.

१७. भाग टाकल्यानंतर कायदाच बदलला तर?

बदलतोच. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता गेली आणि न्याय संहिता आली. १ ऑगस्ट २०२४ ला अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाबाबतचा २००४ चा चिन्नय्या निकाल सात न्यायमूर्तींच्या पीठाने फिरवला. ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायमूर्तींनी, मुंबईच्या घरमालकांच्या प्रकरणात, प्रत्येक खासगी मालमत्ता कलम ३९(ख) मधल्या 'समाजाच्या भौतिक साधनसंपत्ती'खाली येत नाही असं ठरवलं. दोन वर्षांपूर्वीचा तुमचा भाग एका सकाळी जुना होतो.

प्रत्येक भागात रेकॉर्डिंगची तारीख मोठ्याने सांगा. बदल झाला की वर्णनात पहिल्याच ओळीत टीप आणि सुरुवातीला अर्ध्या मिनिटाचं निवेदन जोडून फाइल बदला. जुना भाग उडवू नका, त्या दिवशी कायदा काय होता हेही कोणाला हवं असतं.

१८. राजकीय शिक्का बसेल, त्याचं काय?

बसेल. त्याच भागावरून दोन बाजूंचे दोन शिक्के बसले तर समजा बरं चाललं आहे.

महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाचा ११ मे २०२३ चा निकाल हा कसाला लावणारा विषय. त्यात राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं ठरलं, विधिमंडळ पक्षाने नेमलेल्या प्रतोदाला अध्यक्षांनी दिलेली मान्यताही बेकायदा ठरली, आणि तरीही चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे आधीचं सरकार परत आणता येणार नाही असं न्यायालय म्हणालं. प्रत्येक पक्ष यातलं आपल्या सोयीचं वाक्य उचलतो. तुम्ही तिन्ही वाचा, त्याच क्रमाने, मग पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीवर या. १९८५ मध्ये ती कशी आली, एक तृतीयांश फुटीची पळवाट २००३ मध्ये कशी काढली, आणि तरी पक्षांतर का थांबलं नाही. व्यक्तींची नावं जेवढी कमी घ्याल तेवढी चर्चा वर राहते.

१९. निवडणुकीच्या काळात भाग टाकता येतात का?

टाकता येतात, पण लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १२६ लक्षात ठेवा. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत निवडणुकीवर परिणाम करणारा मजकूर प्रसारित करायला मनाई आहे. वेळापत्रकानुसार आपोआप प्रसिद्ध होणारा भाग त्या दोन दिवसांत येत नाही ना, ते तपासा.

२०. श्रोते स्वतःच्या जमिनीच्या, घटस्फोटाच्या केसबद्दल विचारतात. काय सांगायचं?

पहिल्या भागानंतर लगेच सुरू होतं हे. आलेले बहुतेक प्रश्न सातबाऱ्याचे असतील, जीवित आणि स्वातंत्र्याच्या कलम २१ चे नव्हे. सल्ला देऊ नका, पण हात हलवत परतही पाठवू नका. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती अशा अनेकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. हे प्रत्येक भागाच्या वर्णनात कायमचं टाकून ठेवा. एकाच गावातून तोच प्रश्न तीन-चार जणांनी विचारला, तर तो पुढच्या भागाचा विषय असतो.

२१. प्रायोजक घ्यावा का?

पुस्तकाचं दुकान, द्राक्ष बागायतदार, मिसळवाला, कोणीही चालेल. वकिलांची फर्म नको (प्रश्न १२), क्लासवाला विचार करून, राजकीय माणूस मुळीच नको. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एकदा पॉडकास्टचं नाव गेलं की प्रश्न १८ चं उत्तर उपयोगाचं राहत नाही.

२२. कायद्याच्या परीक्षेला याचा उपयोग होईल का?

तयार नोट्स म्हणून नाही. तोंडी परीक्षेत किंवा अभिरूप न्यायालयात होईल.

२३. पाहुण्याने नंतर "माझा भाग काढून टाका" म्हटलं तर?

होतं असं, विशेषतः कोणाची बढती किंवा मुलाखत जवळ आली की. म्हणून रेकॉर्डिंगआधी एक पानी संमतीपत्र घ्या: आवाज कुठे कुठे प्रसिद्ध होईल, संपादनाचा हक्क कोणाचा, प्रसिद्धीपूर्वी ऐकवणार का. आम्ही पाहुण्याला संपादित भाग पाठवतो आणि तीन दिवस देतो. त्या तीन दिवसांत त्यांनी स्वतःचं कुठलंही वाक्य काढायला सांगितलं तर कारण न विचारता काढतो. समोरच्याचं वाक्य काढायला सांगितलं तर नाही.

प्रसिद्ध झाल्यावर मागणी आली तर आधी कारण बघा. वस्तुस्थिती चुकली असेल तर प्रश्न १७ प्रमाणे दुरुस्ती. कोणाची ओळख उघड झाली असेल तर त्याच तासाला भाग खाली. नोकरीवर खरोखर गदा येत असेल तर पाहुण्याचं नाव आणि आवाज काढून त्याचा युक्तिवाद सूत्रधाराच्या तोंडी घाला, चर्चा तशीच राहते. नुसतं "आता मत बदललं" असं असेल, तर नवं मत मांडायला त्यांना पुढच्या भागात बोलवा. जुन्या मताच्या विरोधात, त्याच खुर्चीवर.